बारा गोळ्या बाकी

४ मार्च

चि. सौ. धाकटीस,

थोरल्या जाऊकडून अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा पोचलं. पाकिटाची एक कड उघडून परत चिकटवल्यासारखी दिसली. पोस्टात उघडलं की आपल्या जिन्यात, देव जाणे. तळमजल्यावरची बाई हल्ली पत्रपेटीपाशी जरा जास्तच घुटमळते. यापुढे पाकीट नीट चिकटव आणि इतका पातळ कागद वापरू नकोस, उजेडाला धरला की आतलं अक्षर दिसतं. मी धरून पाहिलं.

इकडे सगळं ठीक. हे सकाळी कामावर जातात, संध्याकाळी येतात, मधल्या वेळात मी आणि सासूबाई एकमेकींवर लक्ष ठेवतो. त्यांचा खुबा अजून दुखतो. काठी घेऊन संडासापर्यंत जातात, पण आपण गेलो हे कोणी पाहिलं नाही असं त्यांना वाटलं पाहिजे. भावजींना नवं काम मानवतंय हे वाचून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, कानटोपी न घालता बाहेर पडू नका.

आता तुझ्या कामाचं. तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. माहेरच्या देशात तू तीन वर्षांचा डिप्लोमा केलास, पाच वर्षं हॉस्पिटलात औषधं भरलीस, लोकांची भरलेली तपासलीससुद्धा. लग्न करून इकडे आलीस तर ते सगळं शून्य धरलं. पुन्हा दोन वर्षं टेक्निशियनचं शिक्षण, पुन्हा परीक्षा, आणि फार्मासिस्टच्या सहीने लॉगबुकात भरायचे तास. आता तुम्ही गेलात तो तिसरा देश म्हणतो, दोन्हीकडचं शिकलेलं चालेल, आमच्याकडे टेक्निशियन एकटी शेवटची तपासणी करू शकते, पण जिथे जिथे काम केलंस तिथल्या फार्मसी कौन्सिलकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणा. म्हणजे गोळी तीच आणि माणसाचं पोट तेच, पण मोजणारा हात प्रत्येक देश नव्याने पारखून घेणार. आणि ती चष्मेवाली तुझ्या जोडीला होती ना, तिच्या देशात म्हणे काही कागदच लागत नाही. दुकानात झाडू मारणारा सहा महिन्यांत गोळ्या मोजायला बसतो. तिनेच सांगितलंय, हसत हसत. अशी माणसं इथे येऊन काय काय करत असतील, विचार कर.

माहेरचा दाखला आठ दिवसांत आला, आणि आपल्या इथल्या कौन्सिलने मात्र कळवलं की गेल्या वर्षीची तक्रार अजून उघडी आहे. तक्रार करणाऱ्याने नाव दिलं नाही, जबाब दिला नाही, म्हणून निर्णय नाही, आणि निर्णय नाही म्हणून दाखला नाही. तिकडचं हॉस्पिटल तुझी जागा तीस एप्रिलपर्यंत धरून ठेवणार, मग दुसऱ्याला देणार. हे वाचून मला रात्रभर झोप नाही.

तक्रार कोणी केली असेल याचा तू विचार करू नकोस असं मी म्हणणार नाही. करावाच. मला विचारशील तर तुझ्या दुकानातल्या फार्मासिस्टचा चेहरा मला पहिल्यापासून आवडला नाही. बोलताना माणूस समोरच्याकडे बघत नाही, सारखा बाटल्यांकडे बघतो. त्याच्या हाताखालची परदेशात शिकून आलेली, त्याच्यापेक्षा जास्त जाणणारी, हे त्याला सहन झालं असेल का? आणि चष्मेवालीला तुझी जागा हवी होती, ते तर आंधळ्यालाही दिसत होतं.

तू विचारलंस, त्या दिवशी सासूबाईंच्या औषधांची पिशवी घरी कोणी उघडली. आता आठ महिन्यांनी हे कसं आठवणार? हे दुकानातून पिशवी आणतात आणि टेबलावर टाकतात, मग तिला सतरा हात लागतात. तुला मी तेव्हाच सांगितलं होतं की पिशवीत बाटली होती, चिठ्ठी नव्हती. पुन्हा का विचारतेस?

फोन करू नकोस, यांच्यासमोर मला नीट बोलता येत नाही. पत्रच लिही.

तुझी
ताई


१९ मार्च

चि. सौ. धाकटीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. या वेळी पाकीट शाबूत होतं. तू लिहितेस, "ताई, घरातल्या कोणावर माझा संशय नाही, फक्त जुने कागद एकदा चाळून बघा." संशय नाही हे मुद्दाम लिहायची गरज का पडावी? ज्याच्यावर संशय नसतो त्याला माणूस असं लिहीत नाही. मी तुझ्या त्या एका ओळीकडे दोन दिवस बघत बसले होते.

असो. तू लांब आहेस, तुला इथलं दिसत नाही, म्हणून मीच दुकानात जाऊन आले.

तुझ्या जागी नवी मुलगी आली आहे. कोऱ्या कपाळाची, बोलणं एकदम हळू. मी सासूबाईंच्या गोळ्या काउंटरवरच ओतून मोजल्या. मागे रांग होती, एक म्हातारा खाकरायला लागला, पण मी मोजल्या. बरोबर निघाल्या. ती मुलगी म्हणाली, "आजी, मी दोनदा मोजलं आहे, आणि सरांनी तपासलं आहे, लेबलवर दोघांच्या सह्या आहेत." मला आजी म्हणाली. मी पुन्हा मोजल्या.

मग फार्मासिस्टला विचारलं, आमच्या जाऊबाईंवरच्या तक्रारीचं पुढे काय झालं. त्याने मला आत बोलावलं, जिथे तू उभी राहायचीस त्या मोजणीच्या टेबलापाशी. तो ट्रे, ती चपटी पट्टी, सगळं जागच्या जागी होतं. त्याने सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, म्हणजे तुला पारखता येईल. त्या दिवशी दुकानाचा कॉम्प्युटर बंद होता. सासूबाईंच्या प्रिस्क्रिप्शनवर तीस गोळ्या होत्या आणि कपाटात अठराच उरल्या होत्या. असं झालं की दुकानाची रीत ठरलेली, आहेत तेवढ्या द्यायच्या, उरलेल्यांची बाकीची चिठ्ठी पिशवीत टाकायची, आणि माल आला की घरच्यांनी ती चिठ्ठी दाखवून, सही करून गोळ्या न्यायच्या. अशा कडक दुखण्याच्या गोळ्या नोकराने आपल्या घरच्यांसाठी स्वतः न्यायच्या नाहीत हाही नियम. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर कोणीतरी घाईत तीस दिल्याची नोंद केली. मग निरीक्षक आला, त्याने कपाट मोजलं, तर पुस्तकापेक्षा बारा गोळ्या जास्त. कमी नाही, जास्त. तू म्हणालीस, सासूबाईंना अठराच दिल्या, हाताने लिहिलेली चिठ्ठी पिशवीत टाकली होती. पण घरच्या माणसाचं औषध, घरचे म्हणतात चिठ्ठी नव्हती, मग निरीक्षकाने काय समजावं? की हिने तीस लिहिल्या, अठरा दिल्या आणि बारा नंतर नेण्यासाठी बाजूला ठेवल्या.

मी म्हणाले, मग तुम्ही तिची बाजू का घेतली नाहीत. तो ड्रॉवरमधून दोन पत्रांच्या प्रती काढून समोर ठेवून उभा राहिला. दोन्ही कौन्सिलला लिहिलेली, दोन्हीत तुझं कौतुक. एकात तर लिहिलंय की माझ्या बावीस वर्षांत इतकी नेमकी मोजणी मी पाहिली नाही. म्हणजे तक्रार त्याने केलेली नाही. ज्याला तक्रार करायची तो कौतुकाच्या प्रती जपून ठेवत नाही.

चष्मेवालीही तिथेच होती. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, बाकीच्या चिठ्ठीची गोष्ट खरी आहे, तुमच्या जाऊबाईंना चिठ्ठी लिहिताना मी बघितलं होतं, मी तसा जबाबही दिला, पण माझी अजून नोंदणी नाही म्हणून माझा जबाब धरला नाही. तिच्या देशात कागद लागत नाही, आणि इथे कागद नाही म्हणून तिचं खरं बोलणंही मोजत नाहीत. मला तिच्याबद्दल जे लिहिलं ते लिहायला नको होतं. तू ते पान फाडून टाक.

निघताना सही करायला त्याने वही पुढे केली. कडक गोळ्या नेताना नाव, पत्ता आणि तारीख लिहावी लागते, तुला माहीत आहेच. मी लिहिलं. तो माझ्या अक्षराकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तुमचं अक्षर फार रेखीव आहे. समास सोडून लिहिता." मी म्हणाले, मॅट्रिकला अक्षराचे मार्क मिळायचे आमच्या वेळी. तो हसला नाही.

तो काय म्हणू पाहत होता, मला कळलं नाही. कळलं नाही असंच समज.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं कुठे गेली होतीस. म्हटलं, औषधांना. म्हणाल्या, एवढा वेळ? म्हटलं, मोजत होते. त्यावर म्हणाल्या, "तुझ्या वहीत माझ्या गोळ्या बसतात, माझं दुखणं काही बसत नाही." त्यांच्या प्रत्येक गोळीची मी वहीत रेघ मारते, त्यावरून त्यांना असं टोचून बोलायची सवयच आहे, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तर फार्मासिस्ट नाही, चष्मेवाली नाही. नवी मुलगी तेव्हा नव्हती. आता उरलं कोण, ते तूच बघ.

माझं डोकं दुखतंय. इथेच थांबते.

तुझी ताई


६ एप्रिल

धाकटे,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून या वेळी तसाच मजकूर सुरू करते. हे पत्र तू भावजींसमोर वाचू नकोस. आधी एकटीने वाच, मग त्यांना द्यायचं की नाही ते तू ठरव.

तुझं मधलं पत्र आलं. त्यात तू मला काहीच विचारलं नाहीस. तिकडच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या खिडक्या, सकाळी ढकलगाडीवरून वॉर्डात जाणारी औषधं, तुझ्या हातात अजून नसलेला तो निळा कोट, एवढंच लिहिलंस. शेवटी एकच वाक्य, "ताई, तुमची तब्येत जपा." तेव्हा मला कळलं की तुला माहीत आहे. कदाचित पहिल्यापासून माहीत होतं. मी पाकिटाच्या कडा तपासत होते, आणि तू मला कबूल करायला जागा करून देत होतीस.

तक्रार मी केली.

आता क्रमाने लिहिते, नाहीतर मी अजूनही काहीतरी गाळीन.

त्या संध्याकाळी यांनी पिशवी आणली. मी ती स्वयंपाकघरात उघडली. सवयीप्रमाणे बाटली ताटात ओतली आणि मोजली. अठरा. लेबलवर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तीस, आणि खाली तुझी सही. पिशवीत एक कागद होता, मला वाटलं पावती असेल. माझी सवय तुला ठाऊक आहे, एका बाजूने कोरा कागद मी टाकत नाही. तसाच तो, ज्यांची मी हिशेबाची वही शिवते त्या कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात गेला, कोरी बाजू वर. मी तो वाचला नाही. इथपर्यंत माझी चूक फक्त डोळ्यांची आहे.

मग तू जेवायला आलीस. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते. तू मान खाली घालून जेवत होतीस, कोणाशी बोलत नव्हतीस. दुसऱ्या दिवशी तुला परीक्षेआधीच्या आठ दिवसांच्या वर्गाला जायचं होतं, त्याची धास्ती असेल हे मला आज कळतं. तेव्हा मी मनात म्हटलं, हिने बारा गोळ्या ठेवून घेतल्या. एकदा विचारलं असतं तर तू तिथल्या तिथे सांगितलं असतंस. मी विचारलं नाही, कारण मला तुला विचारायचंच नव्हतं. मला तुला पकडायचं होतं.

का, ते सांगते. आठवतं तुला, एकदा मी जुन्या बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या नव्या बाटलीत ओतत होते. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, ताई, असं करू नका, दोन्हींच्या मुदती वेगळ्या असतात, आमच्याकडे असं केलं तर नोंदणी जाते. तू गोडच बोललीस. पण हे म्हणाले, "बघ, शिकलेल्या माणसाचं वेगळं असतं." आणि सासूबाई म्हणाल्या, यापुढे माझ्या गोळ्या हिलाच विचारून देत जा. अठरा वर्षं त्यांची औषधं मी दिली. एक वेळ चुकवली नाही. ज्या दिवशी माझा ताप डोक्यात गेला होता त्या दिवशीही मी भिंत धरून उठले होते. त्या एका वाक्याने ते सगळं पुसलं गेलं असं मला वाटलं. आणि तुझ्या पांढऱ्या कोटावरचा बिल्ला मी रोज इस्त्री करताना बाजूला काढून ठेवायचे, त्यावर तुझं नाव असायचं. माझं नाव रेशनच्या कार्डाखेरीज कुठे लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी समास आखून कौन्सिलला पत्र लिहिलं. त्या दुकानात दुखण्याच्या कडक गोळ्या पूर्ण मोजून दिल्या जात नाहीत, टेक्निशियनवर लक्ष ठेवा. खाली लिहिलं, एक ग्राहक. आणि देवापुढे जाऊन हात जोडले, जणू काही मी न्यायाचं काम केलं.

आणखी एक. ते मी कौन्सिललाही सांगितलेलं नाही, फक्त तुला सांगते. अठरा गोळ्या पंधरा दिवस पुरवायच्या म्हणून मी सासूबाईंना दोनऐवजी एक द्यायला लागले. बाकीच्या कुठे गेल्या हे उघड झालं की घेऊ, असं ठरवलं होतं. त्या कण्हायच्या. मी वहीत रेघ मारायचे. पंधरा दिवस. त्यांनी मला एकदाच विचारलं, गोळी बदलली का गं. मी म्हटलं, नाही, तीच आहे.

तू परत आलीस त्याच आठवड्यात निरीक्षक आला. तू घरी येऊन चपला न काढताच मला विचारलंस, "ताई, आईंच्या पिशवीत चिठ्ठी होती का?" मी म्हणाले नाही. तेव्हा ते खोटं नव्हतं, मला खरंच माहीत नव्हतं. त्यानंतर नवव्या दिवशी मी वहीचं पान उलटलं. मागच्या बाजूला तुझ्या अक्षरात होतं: दिलेल्या अठरा, बारा गोळ्या बाकी, मंगळवारनंतर सही करून न्याव्यात. खाली तुझी सही आणि प्रिस्क्रिप्शनचा नंबर. मी ते पान दोऱ्याने शिवून टाकलं होतं, तुझ्या बाराच्या पाठीवर मी दुधाचा हिशेब लिहिला होता.

त्या क्षणी उठून तुझ्या खोलीत आले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. तू दारामागेच होतीस. तुला दुकानात मोजणीला उभं राहू देत नव्हते, तुझे तास धरत नव्हते, म्हणून तू घरीच असायचीस. आणि इथे मी जे लिहिणार आहे ते लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तू घरी असायचीस ते मला आवडायला लागलं होतं. तू माझ्यासोबत शेंगा सोलायचीस. सुरीच्या पाठीने ताटातले दाणे पाच पाचने ओढून मोजायला शिकवलंस, आणि मी चुकले की हसायचीस. दुपारी मला कोणी चहा करून दिला असं त्या घरात आधी कधी झालं नव्हतं. मी मनात म्हणायचे, अजून चार दिवस. चार दिवसांनी दाखवते. मग पुन्हा चार दिवस. रोज देवापुढे उभी राहत होते पण त्याला ही गोष्ट सांगत नव्हते, जसं काही त्याला मी सांगितल्यावरच कळणार होतं. आणि ऑक्टोबरात भावजींचं तिकडचं काम ठरलं, तुम्ही निघालात. मग मी स्वतःला सांगितलं, आता ती गेलीच, इथल्या कागदाची तिला काय गरज. तुझं मार्चचं पत्र आलं तेव्हा कळलं काय गरज.

तुझं "तब्येत जपा" वाचल्यावर मी वहीचा दोरा उसवला आणि चिठ्ठी काढली. आधी ती सासूबाईंना दाखवली. त्यांना वाचता येत नाही, मी वाचून दाखवली, आणि एका गोळीचंही सांगितलं. मग म्हणाल्या, "माझं मी सोसलं. त्या पोरीचं तू निस्तर." आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात. गोळी मात्र अजून माझ्याच हातून घेतात.

काल कौन्सिलच्या कचेरीत गेले. यांना सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे जाते. दोन जिने चढून एक लांबलचक खोली, बाकं, भिंतीवर वेगवेगळ्या देशांच्या दाखल्यांचे नमुने चौकटीत लावलेले. कोणाचा चालतो, कोणाचा नाही, कोणाला किती तास भरावे लागतील. माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या, दोघी तुझ्यासारख्याच कुठून कुठून आलेल्या, मांडीवर जाड फायली. एकीने मला विचारलं, तुम्ही कोणत्या देशाच्या. मी म्हटलं, मी टेक्निशियन नाही. मग कशाला आलात, असं तिने विचारलं नाही, बरं झालं.

कारकून तरुण होता, सभ्य. त्याने फाइल काढली. माझं पत्र त्यात होतं, समास आखलेलं; निरीक्षकाने हेच फार्मासिस्टला दाखवलं असणार. मी चिठ्ठी पुढे ठेवली आणि म्हणाले, ती निर्दोष आहे, बंद करा हे. तो म्हणाला, तक्रारदाराने स्वतः लिहून दिल्याशिवाय बंद होत नाही. मी म्हटलं, मीच. त्याने पेन खाली ठेवलं. मग कोरा फॉर्म दिला आणि म्हणाला, "चिठ्ठी केव्हा सापडली, ती तारीख लिहा." मी थांबले. कालची तारीख लिहिली असती तर कोणाला कळलं नसतं, म्हातारी बाई, जुन्या कागदात सापडली, संपलं. त्याने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. मी खरी तारीख लिहिली. गेल्या वर्षीची.

तारीख वाचून तो म्हणाला की माहीत असताना तक्रार मागे न घेतल्याबद्दल कौन्सिल मला विचारणा करू शकतं, तसं पत्र घरी येईल. कचेऱ्यांचं टपाल घरात हे उघडतात. आता ते माझ्या नावाचं पाकीट उघडतील. त्यांना काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. त्याआधीच सांगावं लागेल, एवढं कळतं.

तुझ्या दाखल्याचं विचारलं. तो म्हणाला, उद्या फाइल साहेबांकडे जाईल, सही झाली की दाखला थेट तुमच्या तिकडच्या कौन्सिलला, मोहोर लावून, तो ना तुम्हाला दिसणार ना तिला. दोन आठवडे म्हणाला. मी विचारलं, तीस तारखेच्या आत नक्की? त्याने कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाला, मी रोज एकदा साहेबांच्या टेबलावर बघत जाईन. यापेक्षा जास्त तो देऊ शकत नव्हता. मी सोमवारी पुन्हा जाणार आहे, आणि दाखला निघेपर्यंत रोज जाईन, बसून राहीन त्या बाकावर. मला आता दुसरं काही काम नाही.

मला माफ कर असं लिहीत नाही. तो शब्द लिहिला की तुझ्यावर उत्तर द्यायचं ओझं पडतं. तू उत्तर नाही दिलंस तरी मी तुझ्या नावाने दिवा लावीन, पण त्याचं तुला काही देणं नाही. हे मी माझ्यासाठी करते.

त्या फॉर्मवर सही कुठे करायची ते मला आधी कळेना. कारकुनाने बोट ठेवून दाखवलं. तिथे छापलेलं होतं तेच इथेही लिहिते, कारण ताई लिहिण्याआधी तुझ्याशी माझं खरं नातं आता हेच आहे.

तक्रारदार